स्वहस्ताची भेट

आपल्या माणसांस काय द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो; परंतु त्याच्या पोटी नीतीचे मोठे प्रश्न दडलेले आहेत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, असे कित्येक गृहस्थ व गृहिणी आढळतात की ज्यांनी शाळेत असता एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षा दिलेल्या असतात. पुढे शेती, नोकरी व संसार ह्यांत रंगांची पेटी फळीवर जाते, आणि चाळिशी-पन्नाशीत ती हौस पुन्हा जागी होते. अशी माणसे चित्रे विकीत नाहीत व प्रदर्शनही भरवीत नाहीत. बहिणीच्या वास्तुशांतीस, भाच्याच्या लग्नास किंवा नाताळात आईवडिलांस एखादे चित्र रंगवून देतात. आता प्रश्न असा की, ही खरी भेट होय काय? की आपल्या करमणुकीचे फळ दुसऱ्याच्या भिंतीवर टांगण्याची ही एक युक्ती आहे?

ह्या कामी अॅक्रिलिक नावाच्या रंगाने मोठी सोय केली आहे. तैलरंगास जवसाचे तेल व टर्पेंटाईन लागते, आणि तो पुरता वाळावयास कित्येक दिवस जातात. अॅक्रिलिकमध्ये रंगाची पूड कृत्रिम राळेच्या दुधासारख्या द्रवात मिसळलेली असते. ओला असेपर्यंत तो साध्या पाण्याने पातळ होतो व कुंचलाही पाण्यानेच धुता येतो. पण एकदा वाळला की तो पाण्याने सुटत नाही. पाण्यात मिसळणारा हा रंग अमेरिकेत १९५५ च्या सुमारास चित्रकारांच्या हाती आला, आणि आज तो लहान गावच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातही मिळतो. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात तो ताटलीतच वाळू लागतो, म्हणून जवळ पाणी ठेवून मधूनमधून शिंपडावे लागते, एवढीच काय ती अडचण. सारांश, साधन सोपे झाले आहे. परंतु साधन सोपे झाले म्हणून देणे सोपे झाले असे मात्र नाही.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. कोणी म्हणेल, "हे थोरामोठ्यांचे छंद आहेत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत व त्यांनी १९३८ साली आपल्या गावी चित्रांचे संग्रहालय उभारले. पण ते राजे होते. आमच्या जिल्ह्यात एक साल पाऊस येतो व दोन साले हुलकावणी देतो. येथे रंगात पैसा व वेळ घालविणे शोभते काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरी बियाण्यास पैसा नाही त्या घरी रंगांचा डबा आणणे शहाणपणाचे नव्हे. तथापि ह्याच जिल्ह्यातील घराघरांत पाहा. आजी जुनी लुगडी फाडून, थरावर थर घालून, नातवासाठी गोधडी शिवते. नळदुर्गाकडील तांड्यांतून लमाण आई मुलीच्या लग्नासाठी कवड्या व आरसे लावून भरतकाम करते. ह्या बायांस कोणी "तुम्ही वेळ दवडिता" असे म्हणत नाही. तेव्हा हाताने काही सुंदर करून आपल्या माणसास देणे ही श्रीमंतांची मिरास नव्हे. गरिबांच्या घरी ती फार जुनी आहे. चित्र काढणारा गृहस्थ त्याच आजीच्या पंक्तीस बसू पाहतो. तो तेथे बसण्यास योग्य आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

ह्यासाठी आपल्यातील आहेराच्या चालीकडे पाहणे उपयोगाचे होईल. लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात वही घेऊन कोणी बसतो; कोणी किती दिले, कोणी लुगडे आणले, कोणी भांडे आणले, हे नावानिशी लिहिले जाते. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडून तितकेच, किंवा थोडे वाढवून, परत करावयाचे. ह्या चालीत सर्वच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच्या कार्याचा भार दहांनी उचलावा, हा तिचा मूळचा हेतू चांगला आहे. परंतु ज्या वर्षी तूर-ज्वारी गेली त्या वर्षी जो मनुष्य कर्ज काढून आहेर करितो, तो भेट देतो काय? तो तर फेड करितो. आणि घेणाराही त्याच दिवशी नवा ऋणको होतो. हाताने रंगविलेले चित्र ह्या वहीत लिहिता येत नाही, कारण त्याची किंमत काय घालावी हे वही लिहिणाऱ्यास समजत नाही. हीच त्याची पहिली थोरवी. ते परत करण्याचा हिशेबच मांडता येत नाही.

परंतु येथेच थांबून "हाताने केलेले ते सर्व चांगले" असे म्हणू लागलो तर आपण फसू. ह्या भेटीत दोन दोष सहज शिरतात. पहिला कृपणतेचा. बहिणीच्या मुलाची फी भरावयाची राहिली आहे, हे भावास ठाऊक आहे, त्याच्या गाठीस पैसाही आहे, आणि तो चित्र घेऊन जातो व "मी माझे मन ओतले आहे" असे सांगतो. त्या चित्राने बहिणीचे तोंड बंद होते, पण तिची गरज तशीच राहते. दुसरा दोष अहंतेचा, आणि हा अधिक सूक्ष्म आहे. चित्रकार आपल्यास जे साधते ते काढतो, घेणाऱ्यास जे प्रिय आहे ते नव्हे. मग तो त्या घरी गेला की प्रथम भिंतीकडे पाहतो. चित्र टांगलेले नसेल तर त्याचे मन खट्टू होते. अशी भेट देऊनही दिलेली नसते. तिची दोरी देणाऱ्याच्याच हाती राहते.

मग खरी भेट कशाने ओळखावी? एक उदाहरण कल्पू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व आपला, अशा दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील गावेही त्यात सापडली. दगडमातीच्या जाड भिंतींची व मातीच्या धाब्याची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे कित्येक गावे नव्या जागी, सरळ आखलेल्या गल्ल्यांनी, वसविण्यात आली. समजा, अशा गावी राहणाऱ्या एका वृद्ध आईस तिच्या मुलाने जुन्या घराचे चित्र द्यावयाचे ठरविले. त्याने आपल्या मनानेच एक सुंदर वाडा काढला, दारी एक झाड काढले व चौकट करून आणले, तर आई "छान आहे" म्हणेल व ठेवून देईल. परंतु तोच मुलगा आधी तिच्यापाशी बसला व त्याने विचारले, "आई, चूल कोणत्या अंगास होती? लिंब दाराच्या डावीकडे की उजवीकडे? बाजेवर कोण बसत असे?" तर काय होईल? एखादे वेळी आई तासभर बोलेल. एखादे वेळी ती म्हणेल, "नको रे बाबा, ते घर मला पाहवणार नाही." ह्या दुसऱ्या उत्तरानंतर जो मुलगा ते चित्र काढीत नाही, आणि तिच्या परसातील आजची जाई काढून देतो, त्याने भेट म्हणजे काय हे ओळखले, असे आम्ही समजतो. कुंचला भिजण्यापूर्वी जे विचारणे व ऐकणे झाले, तेच त्या भेटीचे मूळ होय. रंग हे त्याचे फळ.

हा नियम केवळ हौशी मनुष्यासच लागू आहे असे नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंड देशाचा चित्रकार फ्रान्समधील मनोरुग्णांच्या आश्रमात होता. त्याचा खर्च त्याचा धाकटा भाऊ थिओ चालवीत असे. जानेवारी १८९० मध्ये थिओस पुत्र झाला व त्यास चुलत्याचेच नाव ठेवण्यात आले. तेव्हा व्हिन्सेंटने त्या दांपत्याच्या निजण्याच्या खोलीत लावण्यासाठी, निळ्या आकाशावर बहरलेल्या बदामाच्या फांद्या काढल्या. त्या देशी हे झाड वसंताच्या आरंभीच फुलते, म्हणून नव्या जिवाच्या घरी ते शोभले. चित्र कोठे लागावयाचे व तेथे कोण निजणार, हे त्याने आधी पाहिले. त्याच वर्षी जुलैत तो वारला. पुढे त्याच्या भावजयीने त्याची पुष्कळ चित्रे विकली, पण हे घरी ठेविले. आज ते अॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. ज्याच्यापाशी भावाचे ऋण फेडण्यास काहीच नव्हते, त्याने फेड न करिता भेट दिली.

आता घेणाऱ्याविषयी. चित्र चांगले साधले नसेल तर काय म्हणावे? प्रीतीस्तव खोटे बोलावे काय? आम्हांस वाटते, खोटी स्तुती ही चित्रकाराचा अपमान करणारी गोष्ट आहे. कारण तिचा अर्थ असा होतो की, खरे ऐकण्याइतका तो मोठा नाही. तथापि खरे बोलणे म्हणजे दोष मोजणे नव्हे. "लिंबाची सावली तू बरोबर धरलीस, बैल मात्र मला ओळखू आला नाही," असे हसून म्हणता येते. जे आवडले ते नेमके सांगावे, जे पटले नाही ते विचारल्यास सांगावे, आणि "ह्याला किती वेळ लागला?" हे अवश्य विचारावे. भिंतीवर जागा नसेल तर पेटीत जपून ठेवावे. त्यात लाज नाही.

यास्तव ज्यांस ही हौस आहे त्यांनी ती सोडू नये. पण काही नियम पाळावेत. घरात कोणाची निकडीची गरज असेल तर आधी ती भागवावी, चित्र नंतर. ज्यास द्यावयाचे त्याच्यापाशी आधी बसावे. आपल्यास येते त्याहून थोडे अधिक श्रम करावेत. "हौशी आहे" ही सबब हयगयीस लावू नये. आणि एकदा दिले की ते कोठे टांगले हे पाहू नये. गावोगाव मुलांस शिकविणाऱ्या बंधुभगिनींनीही हे करून पाहण्यासारखे आहे. सणापूर्वी मुलांस कागद व रंग देण्याआधी एक दिवस त्यांस रिकाम्या हातांनी घरी पाठवावे आणि सांगावे की, आजीस काय पाहावयास आवडेल ते आज विचारून या. चित्र उद्या काढू.