बछडीचं प्रारब्ध

लोहाऱ्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं प्राणिवर्तनात कोकिळेपाशी अडत नाहीत. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं नर पिल्लू मोठेपणी कुहू कुहूच करतं, तेव्हा गाणं रक्तातलं, हे त्यांना पटतं. घोळ होतो तो वाघापाशी. वाघ आमच्या जिल्ह्यातला ना!

राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, गोळी घालून मारली. तेरा बळी तिच्या नावावर मांडलेले होते. तिची बछडी डिसेंबरात पकडून पेंचला नेली.

"सर, मायनं माणसं खाल्ली, मंग पोरगी काय करन?" एकीनं विचारलं.

मागून उत्तर आलं, "प्रारब्ध हाय तिचं."

जनुक म्हणजे प्रारब्धाचंच नवं नाव, असं मुलांना वाटतं. पण प्रारब्धामागे पापपुण्याचा हिशेब असतो, जनुकात तो नसतो. बछडीला आईकडून पंजा मिळतो, अंधारातली नजर मिळते, दबा धरायची ओढ मिळते. माणूस खायचा हुकूम मिळत नाही. सावज कुठलं, ते धरायचं कसं, हे ती दीड-दोन वर्षं आईमागं हिंडून शिकते. हिचं ते शिकणं अर्ध्यावर तुटलं. पेंचच्या कुंपणात ती शिकारीला तयार झाली, मार्च २०२१मध्ये जंगलात सोडली, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन मेली. परक्या हद्दीतून वेळीच काढता पाय घेणं कुंपणात कोण शिकवणार?

इथं मी मुद्दाम १८७१चा इंग्रजी कायदा काढतो. त्याखाली अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. १९५२ला तो गेला, तरी चोरी झाली की गावाचा संशय आधी पारधी बेड्याकडे वळतो. वर्ग गप्प होतो. वाघिणीच्या पोरीचं 'प्रारब्ध' काढणारा मुलगा सगळ्यात आधी.

"मंग दोष परिस्थितीचा ना, सर?"

तेही मला पटत नाही. एका परिस्थितीत वाढलेली दोन भावंडं दोन तऱ्हेची निघतात, हे घरोघरी दिसतं. शिवाय पापाला कर्ता लागतो, वेगळं वागू शकला असता असा. वाघीण तशी नव्हती. गुरं घेऊन जंगलात शिरण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हतं, तेही नव्हते. मग उरतं कोण? परीक्षेत हे कधी येत नाही, म्हणून मी तासाच्या मधेच विचारतो. शेवटी विचारलं तर पोरं दप्तरं आवरायला लागतात.