गावाचं सांडपाणी आणि गावाची माती

जलजीवन मिशनने 2019 साली माणशी रोज 55 लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. दीड हजार वस्तीच्या गावात एवढं पाणी खरोखर पोचलं, तर त्यातलं तीन-चतुर्थांश तरी मोरीतून आणि न्हाणीतून पुन्हा बाहेर पडणार. म्हणजे रोज साठ हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर सहा. हंड्याने पाणी भरणारं घर ते पुरवून वापरत असे, आणि वापरलेलं परसातल्या अळूला, केळीला, कर्दळीला जात असे. घरात नळ आला, परसात कोबा झाला आणि पाणी रस्त्यावर आलं.

यावर ग्रामपंचायतीला पहिल्यांदा सुचते ती सिमेंटची गटार. ती डोळ्यांना दिसते, तिचं भूमिपूजन करता येतं, बिलंही निघतात. मात्र ती पाणी शुद्ध करत नाही, नुसतं पुढे ढकलते: वरच्या आळीचं खालच्या आळीला, खालच्या आळीचं ओढ्याला. खालची आळी बहुधा कोणाची असते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने उलटी वाट धरली. गटारी बंद करून घरोघर शोषखड्डे घेतले. पुढे हाच ‘नांदेड पॅटर्न’ रोजगार हमीतून इतरत्र गेला. रचना साधी आहे. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याच्या मधोमध वरच्या बाजूला भोकं असलेली सिमेंटची टाकी ठेवायची आणि भोवती दगड भरायचे. खरकटं, केस, साबणाचा गाळ टाकीच्या तळाशी बसतो. वरचं पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत मुरतं. मातीतले जिवाणू उरलेली घाण खातात. खर्च थोडा, वीज शून्य. आणि ज्याचं पाणी त्याच्याच दारात जिरत असल्याने घाण दुसऱ्याच्या माथी मारण्याची सोय उरत नाही. या पद्धतीचं खरं मोल इथे आहे.

‘गटारमुक्त, डासमुक्त’ ही घोषणा मात्र जपून वापरावी. साचलेल्या घाण पाण्यात वाढतो तो हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यावर पोसतो. तो रांजणात, टायरात, कूलरमध्ये सापडेल. गटार बुजवली म्हणून त्याचं काही बिघडत नाही.

याहून मोठी अडचण पायाखाली आहे. मुरमाड जमीन पाणी झटकन पिते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा तीही भरभर पिते. पावसाळ्यात फुगून भेगा मिटल्या की पाणी घेणं जवळजवळ थांबवते. मे महिन्यात झकास चाललेला खड्डा भाद्रपदात अंगणात उलटतो, तो यामुळे. कोकणात काही ठिकाणी पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्डा खालूनच भरतो, आणि मग शेजारच्या विहिरीची काळजी करावी लागते. शौचालयाचं पाणी या खड्ड्यात सोडणं तर कुठेच क्षम्य नाही.

अशा जमिनीवर सगळ्या गावाचं पाणी एकत्र करून तळ्यात निवळत ठेवणं बरं. पंजाबात जालंधर जिल्ह्यातल्या सीचेवालमध्ये बलबीरसिंग सीचेवाल यांच्या पुढाकाराने गावचं सांडपाणी तळ्यांतून निवळून शेताला दिलं जातं. ऊन, शेवाळ आणि जिवाणू हेच तिथले कामगार. अर्थात त्याला जागा लागते, आणि आपल्याकडे गायरान शिल्लक किती, हा प्रश्न आहेच.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरले आहेत. दीड हजारांच्या गावाला म्हणजे 4 लाख 20 हजार. ते अक्षरशः खड्ड्यात घालण्याआधी एक चाचणी करता येते: हातभर खोल खड्डा काढून रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, सकाळी पुन्हा भरायचा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचं. काळ्या रानात हे काम पावसाळ्यात करावं. मंजुरीची घाई मार्चअखेरची असते, ही गोष्ट वेगळी.