स्वार्थी कोण ?

एखाद्या वस्तूस नांव देतांना आपण तिचा न्यायही करून टाकतों. गुणसूत्रांतील डीएनएच्या ज्या मोठ्या भागास कांहीं कार्य नसावें असें दिसलें, त्यास १९७२ सालीं सुसुमु ओनो यांनीं 'अडगळ' म्हटलें. पुढें १९८० सालीं लेस्ली ऑर्गेल व फ्रान्सिस क्रिक यांनीं 'नेचर' पत्रांत त्यांतील पुष्कळ भागास 'स्वार्थी' ठरविलें. पहिला शब्द माळ्यावरचा, दुसरा नीतिशास्त्रांतला. अणूंच्या माळेस स्वार्थ असूं शकतो काय, हा निव्वळ काथ्याकूट नव्हे; कारण सृष्टि मुळांतच स्वार्थी, मग माणसानेंच कां परोपकार करावा, असें विचारणारे सुशिक्षित याच शब्दाचा आधार घेतात.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें बार्बारा मॅक्लिंटॉक या विदुषी मक्याचा अभ्यास करीत. कांहीं झाडांत नववें गुणसूत्र पुन्हां पुन्हां एकाच ठिकाणीं तुटे. आणि कधीं कधीं तें ठिकाणच बदललेलें आढळे. म्हणजे तुटण्यास कारण होणारा तुकडाच जागा सोडून जात होता ! तो रंगाच्या जनुकांत शिरला कीं दाणा फिका निपजे. दाणा वाढत असतां एखाद्या पेशींत तो तेथून निघाला कीं तिच्या संततींत रंग परत येई व दाण्यावर ठिपका उमटे. ठिपका मोठा तर तुकडा लवकर निघाला, लहान तर उशिरां; दाण्यानें आपली रोजनिशीच अंगावर लिहून ठेवावी तसें हें. १९५१ सालीं बाईंनीं हें विद्वानांपुढें मांडलें, तेव्हां तें फारसें कोणास पटलें नाहीं. नोबेल पारितोषिक त्यांस १९८३ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं मिळालें.

मक्याची तऱ्हा तीच आपली. मानवी डीएनएचा जो आराखडा २००१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत सुमारें ४५ टक्के भाग अशा तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा निघाला. प्रथिनें घडविणारा भाग दोन टक्क्यांहूनही कमी. घर कोणाचें आणि बिऱ्हाडकरू कोण, असा संभ्रम पडावा !

या बिऱ्हाडकरूंत एक प्राचीन विषाणूही आहे. गर्भाच्या वारेंतील पेशी एकमेकींत मिसळण्यास जें प्रथिन लागतें, तें त्याच्या जनुकापासून होतें असें २००० सालीं दिसून आलें. लगेच कांहीं मंडळी म्हणूं लागतात, पहा, सृष्टींत निरर्थक कांहींच नाहीं ! मला हें 'स्वार्थी' म्हणण्याइतकेंच अविचाराचें वाटतें. विषाणु बाळांस पोसावयास आला नव्हता, आणि त्याचे बहुतेक सोबती आजही कोणाच्या उपयोगी पडत असल्याचा पुरावा नाहीं. ज्यास अन्यथा वागण्याची मोकळीक नाहीं, त्याच्या पदरीं ना पाप ना पुण्य.

दोष देण्याची हौस मात्र फार जुनी. हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार, बहुधा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून बोल तिलाच लागतो. १९८८ सालीं बाल्टिमोर येथील संशोधकांस दोन रुग्ण असे आढळले कीं, त्यांच्या रक्त गोठविणाऱ्या जनुकांत असा एक तुकडा नव्यानेंच घुसला होता. त्यांच्या आयांच्या त्या जनुकांत तो नव्हता. हें कळल्यावर त्या आयांस काय वाटलें असेल ? आणि ज्यांच्या जनुकांत तो दोष पूर्वीपासून असतो, त्या आयांनीं तरी तो कोठें मागून घेतलेला असतो ?