‘चांगले ठेवले आहे’ एवढे पुरे का?

घरात कुणाला मधुमेह झाला, तर मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण त्याविषयी मोकळेपणी बोलतो. स्किझोफ्रेनिया झाला, तर मात्र गप्प राहतो. त्या व्यक्तीला निवासी केंद्रात ठेवावे लागले, तर घरचे अधिकच गप्प होतात. कुणी विचारलेच तर ठरलेले उत्तर मिळते, “तिथे त्याला चांगले ठेवले आहे.” आज या उत्तराचाच थोडा विचार करू या.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. केंद्रात ठेवणाऱ्या कुटुंबाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, करणी नव्हे. तो मेंदूचा आजार आहे आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कुणी बोलत नसता आवाज ऐकू येतात, आपल्याच माणसांचा संशय येतो. पुढे उत्साह आटतो, बोलणे कमी होते. औषधांनी पुष्कळांना आराम पडतो, पण सर्वांना सारखा नाही. आईवडील म्हातारे होतात, भावंडांचे संसार असतात. अशा वेळी केंद्राचा आधार घेणे म्हणजे प्रेम कमी पडले असे नव्हे.

मग ‘चांगले ठेवणे’ म्हणजे काय? आपण भेटीला जातो तेव्हा खाट स्वच्छ आहे का, जेवण-औषध वेळेवर मिळते का, मारहाण तर होत नाही ना, हे पाहतो. ते पाहायलाच हवे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका मनोरुग्ण निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आले नाही. २८ जणांचा अंत झाला. तेव्हा सुरक्षितता ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण ती पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

गेल्या वर्षी आम्ही काही जण एका केंद्रात गेलो होतो. चहा देताना आमच्यातील एका भगिनीने तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना सहज विचारले, “काका, साखर किती घालू?” ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “इथे चहा करूनच येतो.” आणि थोड्या वेळाने हळूच, “अर्धा चमचा.” केंद्र स्वच्छ होते, कर्मचारी प्रेमळ होते. तरीही घरी परतताना त्या अर्ध्या चमच्याने आम्हाला अस्वस्थ केले.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. १९६० पासून आठ वर्षे जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन या संशोधकांनी इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. स्वतःच्या वस्तू किती, बाहेरच्या जगाशी संबंध किती, दिवसातून किती तास नुसते बसून जातात, हे त्यांनी मोजले. जिथे आयुष्य रिकामे होते, तिथे स्त्रिया अधिक अबोल व अलिप्त होत्या. रिकामे तास कमी झाले, तिथे सुधारणा दिसली. म्हणजे ज्याला आपण ‘आजारच तसा’ म्हणतो, त्यातला काही भाग आपण दिलेल्या दिवसांचाही असतो.

यावर कुणी म्हणेल, “मोकळीक दिली आणि तो औषधच नको म्हणाला तर?” हा प्रश्न खरा आहे. आजार उफाळून येतो तेव्हा काही काळ इतरांना निर्णय घ्यावा लागतो, आणि कायदाही त्याला मर्यादित परवानगी देतो. पण साखर, सदरा, घरी फोन, रविवारची मिस्सा यांत कोणता धोका आहे? प्रामाणिकपणे पाहिले, तर धोक्याच्या नावाने घातलेली पुष्कळ बंधने आपल्या सोयीची असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा फरक ओळखला आहे. केंद्रात राहणाऱ्याला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. सक्तीने डोके भादरता येत नाही, साखळीने बांधता येत नाही, काम करून घेतले तर मोबदला द्यावा लागतो. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला तिथे कायमचे ठेवता येत नाही.

मात्र थोड्या कर्मचाऱ्यांनी अनेकांची आवडनिवड सांभाळावी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. बेल्जियममधील गील या गावात संत डिम्फनाच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जाई. जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १९३८ च्या सुमारास अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती. आज ती फार कमी असली, तरी प्रथा चालू आहे. गीलच्या लोकांनी आजार बरा केला नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक जागा दिली आणि शेतात, घरात हाताला काम दिले.

शुभवर्तमानातील गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस आठवा. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधून पाहिले होते. प्रभूने त्याला बरे केल्यावर तो प्रभूबरोबर यायला निघाला, पण प्रभूने त्याला त्याच्या घरी, आपल्या माणसांत पाठवले. त्या माणसांनी दार उघडले का, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांचे कुणी केंद्रात आहे, त्यांनी पुढच्या भेटीत “नीट जेवतोस ना?” याबरोबर “तुला काय हवे आहे?” हेही विचारावे. ज्यांचे कुणी नाही, त्यांनी सोबत जावे. वाढदिवस लक्षात ठेवावा, नाताळला नावाने पत्र पाठवावे. आणि आवारात भेटल्यावर त्या कुटुंबाला त्यांच्या माणसाची खुशाली, मधुमेहाची विचारतो तितक्याच सहजपणे, विचारावी.