स्वाक्षरीपूर्वीचा हक्क

१९४३-४४ च्या सुमारास अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या एका तळघरात आल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा विद्यार्थी रात्रीच्या रात्री काढीत असे. ऊर्ध्वपातनाच्या चंबूवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढून, द्रव आटत तिथवर आला की आपल्याला उठवावे असे पहारेकऱ्याला बजावून, तो तेथेच अंग टाकी. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याला गवसलेले स्ट्रेप्टोमायसिन चाचण्यांना पुरेल इतके तयार करण्यासाठी ही यातायात चालली होती, आणि तिच्यापोटी त्याला महिन्याकाठी चाळीस डॉलर विद्यावेतन मिळत होते. क्षयावर खरा गुण देणारे हे पहिले औषध पुढे आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यातही तयार होऊ लागले. आपल्याकडील किती घरे त्या तळघराची ऋणी आहेत, याची गणती कोणी करावी?

१९४६ साली शॅट्झने या शोधावरील आपला हक्क रटगर्सच्या प्रतिष्ठानाच्या नावे एका डॉलरच्या मोबदल्यात लिहून दिला. आपल्याप्रमाणेच आपले मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन हेही यातून काही घेणार नाहीत, अशी त्याची समजूत होती. परंतु प्रतिष्ठानाशी झालेल्या निराळ्या करारान्वये वॅक्समन यांना स्वामित्वधनाचा वीस टक्के हिस्सा मिळत असल्याचे कळले, तेव्हा १९५० साली त्याने फिर्याद गुदरली. वर्षअखेरीस तडजोड होऊन सहसंशोधक म्हणून त्याला मान्यता व तीन टक्के हिस्सा मिळाला. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना दिले गेले.

वॅक्समन यांचा पक्ष पोकळ नव्हता. मातीतील सूक्ष्म जीवांची पद्धतशीर छाननी करून त्यांतून औषधी द्रव्ये शोधण्याची वाट त्यांनी आयुष्य वेचून घालून दिली होती, आणि त्या वाटेवाचून शॅट्झचे पाऊल त्या जागी पडते ना. प्रयोगशाळा, उपकरणे, ग्रंथालय आणि पुष्कळदा जनतेचा पैसा विद्यापीठ पुरवते, तेव्हा फळात त्याचा वाटा असणे न्याय्यच आहे. माझा आक्षेप वाट्याला नाही. तो वाटा मिळवण्याच्या रीतीला आहे.

आपला कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा प्रथम मालक तिचा कर्ता असतो; नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीची मालकी, निराळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. परंतु विद्यार्थी हा विद्यापीठाचा नोकर नव्हे, आणि माझ्या मते विद्यावेतन म्हणजे पगारही नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्याखाली अर्ज करण्याचा अधिकार खऱ्या व प्रथम संशोधकाला, किंवा ज्याला त्याने तो लिहून दिला त्याला आहे. म्हणजे विद्यार्थ्याने दस्तऐवज करून दिल्यावाचून विद्यापीठाला त्याच्या शोधावर आपोआप हक्क पोहोचत नाही.

म्हणूनच तो दस्तऐवज कोणत्या घटकेला आणि कोणत्या अवस्थेत लिहिला जातो, याला महत्त्व आहे. प्रवेशाच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या मुलापुढे जेव्हा रॅगिंगविरोधी हमीपत्र, वसतिगृहाचे नियम आणि वैद्यकीय दाखला यांच्याच गठ्ठ्यात भावी संशोधनाचे सर्व हक्क सोडून देणारा एखादा कागद येतो, तेव्हा जी वस्तू अद्याप जन्माला आलेली नाही, जिची किंमत सही करणारा किंवा करवून घेणारा यांपैकी कोणालाच ठाऊक नाही, तिचे दान तो जागा जाईल या धास्तीने करीत असतो. पुढे प्रबंधावर मार्गदर्शकाची सही हवी असते, शिफारसपत्र हवे असते. अशा अवलंबित्वात दिलेली संमती कायद्याच्या कसोटीस उतरली तरी तिला मोकळ्या मनाची संमती म्हणायला माझे मन धजत नाही. शोध लागल्यानंतर, त्या विशिष्ट शोधापुरता, विद्यार्थ्याचा हिस्सा आकड्यांत नमूद करून आणि मार्गदर्शकाला काय मिळणार हेही त्याच कागदावर उघड लिहून करारनामा व्हावा, आणि सहीपूर्वी विद्यार्थ्याला तटस्थ सल्ला मिळावा. शॅट्झला एवढे मिळाले असते, तर त्याला कचेरीची पायरी चढावी लागली नसती.

पैशाहून नावाचा प्रश्न मला अधिक टोचतो. मालकी हस्तांतरित केल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा अधिकार आपला कॉपीराइट कायदा शाबूत ठेवतो, आणि पेटंट दुसऱ्याच्या नावे असले तरी त्यावर संशोधकाच्या नावाची नोंद करून घेण्याची सोय पेटंट कायद्यातही आहे. परंतु नाव मागण्यासाठी आधी ते आपले आहे असे वाटावे लागते. स्ट्रेप्टोमायसिनची वार्ता देणाऱ्या जानेवारी १९४४ च्या निबंधावर तीन नावे होती: शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूगी, वॅक्समन. १९४८ साली मिळालेल्या पेटंटवर दोनच राहिली. ब्यूगी हीदेखील त्याच प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी. पुढे लग्न होईल, संसार होईल, तेव्हा पेटंटवर नाव असण्याला महत्त्व नाही, अशी तिची समजूत घालण्यात आल्याचे तिने नंतर आपल्या मुलींना सांगितले. १९५० च्या तडजोडीत तिच्या वाट्याला स्वामित्वधनाचा ०.२ टक्के आला. पेटंटवर नावे दोनच राहिली.