बेरीज कळते, फोड कळत नाही

चैत्रात शिरपूरकडून वणीच्या सप्तशृंगगडाला पायी निघालेले यात्रेकरू मुंबई-आग्रा महामार्गाने सोनगीरवरून पुढे जातात. त्यांचे एकेक पाऊल डांबरावर किती भार टाकते? साठ किलोच्या माणसाच्या पावलाखाली साठ किलोच भरतील, असे वाटते. पण टाच टेकून अंग त्या पायावर आले की भार वजनाच्या 110 ते 120 टक्क्यांवर चढतो, धड पायावरून पुढे सरकताना 70-80 टक्क्यांपर्यंत उतरतो आणि चवडा रेटताना पुन्हा चढतो.

हा चढउतार मोजण्याच्या दोन वाटा एकोणिसाव्या शतकातच फुटल्या. फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारेचा शिष्य कार्ले याने 1872 च्या सुमारास बुटाच्या तळव्यात हवेचे कप्पे बसवले. पाऊल दाबले की नळीतली हवा सरके आणि लेखणी कागदावर रेघ काढी. मला या बुटाचे मोल फार वाटते, कारण त्याने दोन्ही पायांचा हिशेब वेगळा ठेवला. जर्मनीत ब्राउन आणि फिशर यांनी जमिनीला हातच लावला नाही. सैनिकाच्या अंगावर उजळणाऱ्या नळ्या बांधून त्यांनी अंधारात छायाचित्रे घेतली, प्रत्येक अवयवाचे त्वरण काढले आणि न्यूटनच्या नियमाने बल गणले. पुढे 1916 मध्ये, महायुद्धात पाय गमावलेल्यांसाठी, ज्यूल आमार याने भार नोंदवणारा चालण्याचा मार्ग बांधला. आजची फोर्स प्लेट, म्हणजे पावलाचा भार मोजणारी जमिनीतली पाटी, त्याच वाटेवरची.

पण प्लेट प्रयोगशाळेत असते, यात्रेकरू महामार्गावर. तिथे ब्राउन-फिशरांचीच रीत कामी येते, फक्त छायाचित्रांऐवजी अंगावर लहान संवेदक. एकच पाय टेकलेला असताना गणित सरळ सुटते. दोन्ही टेकले की अडते. प्रत्येक पावलाची तीन बले आणि तीन आघूर्णे (बलाचा वळवणारा परिणाम), म्हणजे बारा अज्ञात; शरीराच्या गतीची समीकरणे मात्र सहाच. बेरीज हाती येते, फोड येत नाही.

सॅलफर्ड विद्यापीठातल्या रेन, जोन्स आणि हॉवर्ड यांनी 2008 मध्ये यावर तोड सुचवली: मागच्या पायावरचा भार हळुवार, अखंड रेषेत शून्याकडे उतरतो असे मानायचे, उरलेला पुढच्याच्या नावावर. निरोगी, सम चालीला हे बऱ्यापैकी लागू पडते. अलीकडे यंत्रशिक्षणाने ही फोड करतात, पण शिकवायला वापरलेल्या चाली बहुधा धडधाकटांच्याच असतील, तर तेही त्याच गृहीतावर उभे राहते.

माझी हरकत इथेच आहे. सामान्य चालीत दोन्ही पाय टेकलेला काळ एका आवर्तनाच्या साधारण 20 टक्के असतो. चाल मंदावली की तो वाढतो. गुडघा दुखणारी म्हातारी, फोड आलेला पाय जपत चालणारा गडी यांच्यात तो सर्वांत लांब, आणि भाराची अदलाबदल सर्वांत वेडीवाकडी. ज्यांच्यासाठी प्रत्येक पायावरच्या भाराचा आकडा हवा, त्यांच्यापाशीच गृहीत लंगडे पडते. शिवाय हातात काठी आली की तिच्या टोकाची तीन बले आणखी. अज्ञात पंधरा, समीकरणे तीच सहा. म्हणून अशा चालीसाठी कार्लेच्या बुटासारखे काहीतरी, आज दाब टिपणारा पातळ इनसोल, पायाखाली ठेवावेच लागते आणि काठीच्या टोकालाही एक संवेदक.