धुराड्यातलं पोर आणि लॅम्बचा विनोद

विनोद कुणाच्या बाजूचा असतो? चार्ल्स लॅम्ब वाचताना हा प्रश्न मला सोडत नाही.

लॅम्ब म्हणजे इंग्रजी निबंधातला लाडका माणूस. बडा कुणी नव्हता. बाप लंडनमधल्या एका वकिलाचा नोकर. स्वतः लॅम्बनं १७९२ ते १८२५, तेहतीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी केली. माझे खरे ग्रंथ म्हणजे कचेरीतल्या खातेवह्या, असं तो गमतीनं म्हणायचा. दिवसभर मालकाचे हिशेब लिहून उरलेल्या वेळात ह्या गड्यानं 'एलिया' नावानं निबंध लिहिले. म्हणून तो आपला वाटतो. आणि आपला वाटतो म्हणूनच त्याला जाब विचारायचा.

१८२२ साली त्यानं धुराडी साफ करणाऱ्या पोरांची स्तुती करणारा निबंध लिहिला. ही पोरं अरुंद धुराड्यात अंग घासत वर चढायची. काजळीनं त्यांना अंडकोशाचा कर्करोग होतो, हे डॉक्टर पर्सिव्हल पॉटनं १७७५ मध्येच लिहून ठेवलेलं. आठ वर्षांखालचं पोर ठेवू नये, असा १७८८ चा कायदा होता. पाळतो कोण? गिरणीत कापसाची धूळ छातीत घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

लॅम्बची माया खोटी नाही. पोर दिसलं तर एक पेनी द्या, दोन दिल्या तर आणखी बरं, म्हणतो. एकदा तो रस्त्यात घसरून पडला तर असंच एक पोर त्याच्याकडे बोट दाखवून खो खो हसलं. लॅम्ब म्हणतो, हसू दे खुशाल. साहेब जमिनीवर, पोर उभं. हा विनोद मला पटतो.

पण पुढं तो अरुंडेल किल्ल्याची गोष्ट सांगतो. एक पोर वाट चुकून धुराड्यातून थेट ड्यूकच्या शयनगृहात उतरलं आणि पलंगावर झोपून गेलं. लॅम्ब अर्ध्या गमतीत म्हणतो, हे कुणा खानदानी घरातून पळवलेलं पोर असणार, रक्तानं आपली जागा ओळखली. अरे बाबा, दमलेलं पोर मऊ गादी दिसल्यावर झोपणारच! त्याला खानदान कशाला लागतं? माणसाची जागा जन्मावरून ठरवायची ही भाषा आपण पुरती ओळखतो. प्रेमळ तोंडून आली म्हणून ती बदलत नाही.

लॅम्ब क्रूर नव्हता. तो पोराला गोंजारतो, पैसे देतो, देखणं करून दाखवतो. फक्त धुराडं जागच्या जागी राहतं.

१८२४ साली ह्या पोरांच्या बाजूनं एक पुस्तक निघालं. त्यासाठी लॅम्बनं विल्यम ब्लेकची कविता पाठवली. तिच्यात पोर स्वतःच्या तोंडानं बोलतं. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. पोरं चढवणं मात्र खऱ्या अर्थानं बंद पडलं ते १८७५ च्या कायद्यानं, जॉर्ज ब्रूस्टर नावाचं पोर जिवानिशी गेल्यावर. निबंधानंतर त्रेपन्न वर्षांनी.

म्हणून विनोद टाकू नका, आपल्याला तो लागतो. लिहिताना एवढंच तपासा: हसणारा शेकत बसलाय, की धुराड्यात आहे?